दात असलेला पक्षी आणि आत्याचं बोट

आमच्या घरी वर्षातून एकदा मेलेल्यांची हजेरी होते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. भाऊ आत देवघरापाशी पितरांची लाल घागर भरतो, तिच्या तोंडावर डांगर, म्हणजे खरबूज ठेवतो, निखाऱ्यावर आगारी, म्हणजे नैवेद्याचा घास टाकतो. ते पुरुषांचं काम. उंबरा मात्र बायकांचा. घरची सून कुंकवात बोट बुडवून उंबऱ्यावर एकेका पितराच्या नावाची रेघ, आमच्या बोलीत ‘बोट’, ओढते, आणि शेजारी बसलेली घरची लेक ते नाव मोठ्यानं घेते. सून कशी घेणार? सासू-सासऱ्याचं, नवऱ्याचं नाव तिनं तोंडातून काढायचं नसतं. म्हणून बोट सुनेचं आणि जीभ लेकीची. बुधवारा पेठेतल्या आमच्या घरात, सोयऱ्यांच्या घरांत ही रीत कुणी घातली देव जाणे, पण घालणारा पक्का बेरकी होता. कारण ज्या लेकी नावं घेतात त्यांच्या स्वतःच्या नावाचं बोट मेल्यावर त्या उंबऱ्यावर कधीच ओढत नाहीत. लेकीची घागर तिच्या सासरी.

आणि जी लेक सासरहून परत आली, तिची? हा प्रश्न आमच्या घरात कुणी विचारला नव्हता. मी विचारला, आणि तेव्हापासून घरातली वाईट बाई मी आहे.

राज्य हिंदी, घर मराठी; मी इथल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. हिंदीतून शिकवते आणि मराठीतून भांडते. आमच्या प्रयोगशाळेत काचेची दोन कपाटं आहेत. एकावर पट्टी ‘सरीसृप वर्ग’, दुसऱ्यावर ‘पक्षी वर्ग’. आणि दोन्हींच्या मध्ये, कपाटांच्या डोक्यावर, धूळ खात एक प्लॅस्टरचा ठसा पडलेला असतो. आर्किओप्टेरिक्सचा. कावळ्याएवढं जनावर, मान मागे मुरगळून दगडात दबलेलं. पंखांवरची पिसं अगदी पक्ष्याची. पण जबड्यात दात, पंखांना नखं असलेली तीन-तीन बोटं, आणि मागे हाडांची लांब शेपटी. मी नोकरीला लागले तेव्हा विभागप्रमुखांना विचारलं होतं, सर, हा कुठे ठेवायचा? ते म्हणाले, “बीच का है मॅडम, ऊपर ही रहने दीजिए.” तेव्हापासून तो वरच आहे.

पूर्वी आमच्या शास्त्रात तोंड पाहून टिळा लावायचे. पिसं दिसली, पक्षी. खवले दिसले, सरीसृप. मग चीनमधल्या दगडांतून पिसं असलेले डायनासोर निघाले, ज्यांना उडता येणं शक्यच नव्हतं, आणि पिसं हे काही पक्ष्याचं आधारकार्ड राहिलं नाही. आता नियम वेगळा आहे. एक पूर्वज घ्यायचा आणि त्याची सगळीच्या सगळी पिल्लावळ घ्यायची. एकही गाळायचं नाही. जे उडून गेले तेही आत, जे बिनदाताचे झाले तेही आत. गाळलंत तर ते कुळ नाही, ती तुमची सोय. या नियमानं पाहिलं तर दोन पायांवर धावणाऱ्या मांसखाऊ डायनासोरांच्याच एका फांदीवर सगळे पक्षी बसलेले दिसतात. म्हणजे चिमणी, कावळा, कोंबडी, सगळे डायनासोर. आणि मगर ही पालीपेक्षा कोंबडीची जवळची नातलग. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकांवरून हमखास आवाज येतो, “मॅडम, तो हम डायनासोर बिर्याणी खाते हैं?” मी म्हणते, हो, आणि त्याचा प्रश्न परीक्षेत येणार आहे, गप्प बसा.

त्या ठशाचं मात्र अजून धड ठरत नाही. कुणी नवं जनावर उकरून काढतं आणि आर्किओप्टेरिक्सला पक्ष्यांच्या फांदीवरून उठवून शेजारच्या डायनासोरांत नेऊन बसवतं. मग दुसरा कुणी लक्षणं पुन्हा तपासतो आणि त्याला परत आणतो. बोटांवरूनही भांडण आहेच. पक्ष्याच्या पंखातली तीन बोटं कोणती? जुनी हाडं म्हणतात अंगठ्याकडून पहिली तीन, अंड्यातलं पिल्लू पाहणारे म्हणतात मधली तीन. भांडोत. पण एक गोष्ट मी पोरांना दरवर्षी सांगते, की इतकी भांडणं होऊनही त्याला झाडाबाहेर कुणी फेकत नाही. फांदी बदलते, झाड सुटत नाही. हे सांगताना माझा आवाज चढतो. पोरांना वाटतं मॅडमला विषयाची फार आवड आहे.

आवड कसली! घरी तसलाच एक नमुना रोज माझ्यासमोर भाकरी थापत बसलेला असायचा. माझी आत्या.

आत्याला धूलकोट गावी दिली होती. लग्नाला वर्षही झालं नसेल, तिच्या मनगटावर पांढरा डाग उठला. कोड. सासरच्यांनी गाडी जुंपली, “चार दिवस माहेरी राहा, दवापाणी कर,” म्हणून आणून सोडली आणि पुन्हा कुणी न्यायला आलं नाही. नवऱ्यानं दुसरी केली. एका डागावरून बाईचा वर्ग बदलला. आमच्या शास्त्रात पहिल्या वर्षाच्या पोराला शिकवतात की एका लक्षणावरून वर्गीकरण करू नये. धूलकोटला कुणी शिकवलं नसेल.

तिच्यानंतर माझी आई या घरात सून म्हणून आली. तिला सासू आयती मेलेली मिळाली आणि नणंद जन्माची बसलेली मिळाली. आई सुरुवातीला आत्याच्या हातचं पाणी घ्यायची नाही. डागाच्या हाताचा विटाळ. हा विटाळ आईचे गुडघे धरेपर्यंत टिकला. मग हळूहळू सगळा स्वयंपाक आत्याकडे गेला आणि विटाळाचं नाव कुणी काढलं नाही. आखाजीची खापरावरची पुरणपोळी, मांडे, ते तर फक्त तिलाच यायचे. दोन्ही हातांवर फिरवत फिरवत ती मांडा एवढा मोठा करायची की कोपरापर्यंतचे डाग त्याखाली झाकून जायचे. आमचे सगळे पितर वर्षानुवर्षं त्याच हातचं जेवले. एकालाही काही झालं नाही, ते आधीच मेलेले होते.

मीही परत आलेली. माझ्या नवऱ्यानं एकदा हात उचलला, दुसऱ्यांदा उचलायच्या आत मी बॅग भरली. आई तेव्हा दारातच म्हणाली, “एक कमी होती काय वं माय, म्हणून तू पण आलीस?” आत्या आत पीठ मळत होती. तिनं मान वर केली नाही, फक्त अजून एका माणसाचं पीठ घेतलं. ती गोष्ट मी विसरणार नाही.

एकदा ती कोंबडी साफ करत होती. मी शेजारी बसून कोंबडीच्या छातीतलं ते दुबेळकं हाड काढून तिच्यापुढे धरलं. म्हटलं, “आत्या, हे बघ. हेच हाड त्या मोठ्या डायनासोरांच्या छातीत असतं, ज्यांचा एकेक दात आपल्या विळ्याएवढा.”

“ह्या कोंबडीचे कोण लागतात ते?”

“चुलते समज.”

ती इतकी हसली की विळा बाजूला ठेवावा लागला. “मोठ्या घरची लेक म्हणायची ही! आणि शेवट बघ, माझ्या पातेल्यात.” मग हाड माझ्या हातात परत देत म्हणाली, “घराण्याचं नाव घेऊन रस्सा दाट होत नाही, पोरी.”

पण नावाचं अगत्य तिला होतं. दरवर्षी आखाजीला आईच्या शेजारी बसून ती सगळी नावं घ्यायची. पणजोबांच्या बापापासून सुरुवात, मध्ये एकही अडखळ नाही. माझे वडील वारले त्या वर्षी स्वतःच्या भावाचं नाव घेताना तिचा आवाज फुटला तर आई म्हणाली, “नीट घ्या, रेघ वाकडी होते.” शेवटच्या आजारात आत्यानं माझं मनगट धरलं. म्हणाली, “इतक्यांची नावं घेतली, जीभ झिजली. मी गेल्यावर त्या उंबऱ्यावर एक बोट माझं असू दे वं. घागर नको, पोळी नको. फक्त नाव घे.” मी म्हटलं, घेईन. बाकी तिनं आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

ती थंडीत गेली. तापीवर नेली, भावानं सगळं रीतसर केलं, त्यात खोट नाही. चैत्र संपत आला तसा मी विषय काढला. आई धान्य निवडत होती. सुपातून नजर न काढता म्हणाली, “तिची घागर धूलकोटला. आपल्याकडं कशाला?”

“धूलकोटवाल्यांनी तिला जिवंतपणी विचारलं नाही, मेल्यावर विचारतील?”

“तर जा आणि विचार. तुला फार पुळका आहे ना.”

मी गेले. बसमध्ये पंखा नाही, बाहेर नुसता जाळ, आणि माझं डोकं त्याहून तापलेलं. आत्याचा नवरा कधीच वारलेला. ओसरीवर त्याची दुसरी बायको बसली होती, आत्याची सवत, म्हातारी, ताठ. तिचा मुलगा बाजूला मोबाइल घेऊन. मी कोण हे सांगितलं तेव्हा त्यांनी पाणी दिलं, चहा दिला. धूलकोटच्या चहाला मी नावं ठेवणार नाही, चांगला होता.

मी म्हटलं, “आत्या गेली. तुमच्या उंबऱ्यावर या आखाजीला तिचं एक बोट ओढाल का?”

मुलगा म्हणाला, “दीदी, हमको तो पता ही नहीं था कि ऐसी कोई थी.” खोटं बोलत नव्हता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हातारीला माहीत होतं. तिनं माझ्याकडे शांतपणे पाहिलं आणि म्हणाली, “मी आले तेव्हा या घरात तिची एक बांगडीसुद्धा नव्हती. मी पाहून घेतलं होतं सगळं, कोपरा न् कोपरा. त्यांच्या शेजारी बोट येईल ते माझं. तिला भावाचं घर होतं ना? खाल्लं ना तिथलं? मग तिथंच ओढा.”

“तिथले म्हणतात इथे ओढा.”

“मग राहू द्या,” म्हातारी म्हणाली. “बिनबोटाचे लोक काय थोडे आहेत?”

मी उठले. चप्पल घातली. त्या बाईला चार शब्द सुनवावेत असं फार वाटलं, पण तिची लढाई तिनं कधीच जिंकलेली होती आणि मी पोहोचले होते उशिरा. परत आले तर आईनं तोंड पाहूनच ओळखलं. म्हणाली, “आणलंस तोंड परत?”

आखाजीची सकाळ उजाडली. भावानं घर नवं केलं तेव्हा उंबरा काळ्या ग्रॅनाइटचा बसवला. जुन्या लाकडी उंबऱ्यात कुंकू मुरायचं, वर्षभर पुसट दिसत राहायचं. ग्रॅनाइटवर लाल रेघ उठून दिसते आणि एका हातासरशी पुसलीही जाते. आई पाटावर बसली, कुंकवाची वाटी मांडीशी घेऊन. वहिनी मागे उभी, पुढे कधीतरी हे तिलाच करायचंय म्हणून बघत. आत्याची जागा रिकामी होती, तिथे मी बसले. घरची लेक आता मीच.

मी नावं घेऊ लागले, आई रेघा ओढू लागली. सगळं बिनबोभाट चाललं. आजोबांचं झालं, आजीचं झालं, वडिलांचं झालं. आईनं बोट फडक्याला पुसायला घेतलं, आणि मी आत्याचं नाव घेतलं. मोठ्यानं, रस्त्यावर ऐकू जाईल असं.

आईचं बोट वाटीकडे गेलं नाही. मग माझंच बोट कुंकवात बुडवलं आणि वडिलांच्या रेघेला लागून, बहीण भावाच्या शेजारी, आत्याची रेघ ओढली.

आईनं ओलं फडकं उचललं आणि फर्रकन ती रेघ पुसली. ती इतक्या जोरात पुसली की शेजारची वडिलांची रेघही गेली, आजीची फरफटली, आणि सगळ्या काळ्या दगडावर लाल चिखल झाला. वहिनी “अगं बाई!” म्हणून ओरडली. भाऊ आतून धावत आला, पाहिलं आणि म्हणाला, “ताई, जाने दे ना, त्योहार का दिन है.” मी म्हटलं, तू तुझी घागर बघ. तो खरंच परत गेला.

आईनं दगड स्वच्छ पुसून घेतला. “पहिल्यापासून ओढावं लागणार. घे नावं.”

“आत्याचं ओढणार असशील तर घेते.”

“बाहेर गेलेली ती. बाहेरची.”

“बाहेरची? ती या घरात जन्मली आई. मूळ एक, तर सगळी पोरं आत. रक्तानं बघायला गेलं तर या घरात उपरी कोण आहे माहितीये? तू. बाबांच्या शेजारी उद्या तुझं बोट येईल, आणि तुझ्यात या घराचा एक थेंब नाही.”

हे मी बोलले. मुद्दाम बोलले, लागावं म्हणून बोलले, आणि लागलं ते मला दिसलं. बरं वाटलं मला.

आईनं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाली, “तूच सांगत होतीस ना, कोंबडी त्या राक्षसांच्या कुळातली? मग तिच्यापुढं हात जोडतेस? कापतेसच ना? नातं तुझ्या पुस्तकात. ताट वेगळं.” तिनं वाटी जवळ ओढली. “मी नवी नवरी हा उंबरा ओलांडून आले तेव्हा ती आत बसलेली होती. गेलीच नाही. माझा नवरा घरी आला की पहिली हाक तिला. माझी पोरं तिच्या मांडीवर. चूल तिची, माजघर तिचं. मरेस्तोवर मी सगळं वाटून घेतलं. हा उंबरा तेवढा माझा आहे. हा नाही वाटणार.”

“मग नावं कोण घेईल? मी नाही घेत.”

मला वाटलं, जिंकले. नावांशिवाय रेघा म्हणजे नुसतं कुंकू सांडणं, हे तीच आम्हाला शिकवत आली होती. वहिनीला नावं येत नव्हती. आणि आईनं उभ्या जन्मात सासरच्या माणसाचं नाव घेतलं नव्हतं. दवाखान्यात वडिलांचं नाव विचारलं तेव्हा तिनं मला पुढं ढकललं होतं. ते गेले त्या दिवशीसुद्धा रडताना “अहो” म्हणूनच रडली होती.

आईनं बोट कुंकवात बुडवलं. पदर डोक्यावर नीट घेतला. आणि पणजोबांच्या बापाचं नाव घेतलं.

थंड, स्वच्छ आवाजात घेतलं. रेघ ओढली. मग पुढचं. मग त्याच्या पुढचं. सासऱ्याचं नाव घेतलं, सासूचं घेतलं. एकही अडखळ नाही. आत्याच्या तोंडून इतकी वर्षं ऐकून तिला सगळं पाठ होतं. वहिनीनं तोंडावर हात धरला होता. शेवटी आईनं माझ्या वडिलांचं नाव घेतलं. माझ्या बापाचं नाव आईच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. जन्मभर पाळलेली रीत तिनं मोडली, मायेनं नाही, रागानं नाही, फक्त एक रेघ कमी राहावी म्हणून.

मग ती उठली, मोरीत जाऊन चूळ भरली आणि तिथूनच म्हणाली, “खापर तापलंय. मांडे तुलाच येतात आता, तिनं शिकवलेत ना? पितर खोळंबलेत.”

मी गेले. चुलीपुढे बसून दोन्ही हातांवर मांडे फिरवले, आणि रडले. आत्याचा हात होता तो माझ्या हातात, आणि जेवणार होते ते, ज्यांच्या रांगेत तिला जागा नव्हती. शब्द दिला होता मी तिला.

कॉलेजात गेल्यावर मी स्टूल घेतलं, तो ठसा खाली उतरवला, धूळ पुसली, आणि ‘पक्षी वर्ग’ची पट्टी खरवडून काढून दोन्ही कपाटांवर मिळून ‘सरीसृप वर्ग’ ही एकच पट्टी लावली. पुढे तपासणीवाले येणार म्हणून प्राचार्यांनी जुन्या पट्ट्या परत लावून घेतल्या. “किताब में जैसा है वैसा रखिए, मॅडम.” ठसा पुन्हा वर गेला. मी पुन्हा उतरवला नाही. वर्गात मात्र त्याला खाली आणते, टेबलावर ठेवते, आणि म्हणते, हा आपला. कुठल्या फांदीचा ते नंतर बघू.

आता आई अंथरुणाला आहे. तिचं सगळं मीच करते, वहिनीला दुकान असतं. आईला उचलते, पुसते, भरवते. ती माझ्याशी फारसं बोलत नाही आणि मीही तिच्याशी नाही.

परवा वहिनी खाटेपाशी उभी राहून, हळू आवाजात, चांगल्या मनानंच म्हणाली, “ताई, आज ना उद्या आईंचं बोट ओढायची वेळ येईल. मी ओढीन. पण नाव तुम्हालाच घ्यावं लागेल हं. सासूचं नाव मी कसं घेणार?”

आई झोपलेली नव्हती. तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. मी काय म्हणते याची वाट पाहत राहिली. मी तिच्या तोंडाला लागलेली पेज पुसली, वाटी बाजूला ठेवली.

म्हटलं, “बघू.”